जमीन कशी आहे, ते बघून ये!

पॅरिसहून ट्रेननं तासाभरावर लील, आणि लीलपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरवर एक चिमुकलं गाव. टुरिस्टांच्या यादीत ते सहसा नसतं. पण आपल्या खडकीशी त्याचं नातं शंभर वर्षांहून जुनं आहे.

ऑनसाइट जायची बातमी बॉसच्या मेलमधून आपल्याला कळायच्या आधी सोसायटीला कळलेली असते. माझं पॅरिसचं तीन महिन्यांचं पक्कं झालं आणि संध्याकाळपर्यंत यादी तयार! परफ्यूम, चॉकलेटं, कुणाच्या तरी भाचीसाठी आयफेल टॉवरची किचेन. तळमजल्यावरच्या काकांनी मात्र काहीच मागितलं नाही. काका मूळचे माणदेशातले. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधून हवालदार म्हणून रिटायर झालेले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला जिन्यात गाठलं.

"पोरी, तिकडं न्यूव्ह चॅपेल म्हणून गाव आहे. चौदा साली आमच्या सॅपर्सची माणसं पडली तिथं. जमलं तर जाऊन ये."

"नक्की जाते काका. फोटो काढून आणते."

"फोटो नेटवर बी दिसतात. तिथली जमीन कशी आहे, ते बघून ये."

आता माझा जमिनीशी संबंध फ्लॅटच्या स्क्वेअर फुटापुरता. पण काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी हो म्हटलं.

नव म्हणजे नव

फ्रेंच उच्चार शिकायला गेले तेव्हा पहिला धक्का बसला. गावाचं नाव नव्ह-शापेल. शापेल म्हणजे चॅपेल, प्रार्थनेची छोटी जागा. आणि नव्ह म्हणजे? चक्क नव! आपल्या नवरात्रातलं नाही हो, नवरात्रातला नव म्हणजे नऊ. नववधूतला, नवजातातला नव. संस्कृत 'नव', लॅटिन 'नोवुस' आणि हे फ्रेंच 'नव्ह' एकाच मुळातून आलेले, लांबचे भाऊबंद. म्हणजे गावाचं नाव झालं 'नवं देऊळ'. आणि गंमत म्हणजे थोड्या किलोमीटरवर व्ह्येय-शापेल, म्हणजे 'जुनं देऊळ' नावाचंही गाव आहे. आपल्याकडे बुद्रुक-खुर्द असतं ना, तसलाच प्रकार.

मे महिन्यातल्या एका शनिवारी पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवरून लीलची ट्रेन पकडली. लीलमध्ये भाड्यानं सायकल घेतली, ती लोकल गाडीत चढवली आणि ला बासेला उतरले. (तिथल्या लोकल गाड्यांत सायकल नेता येते. चर्चगेट-विरार वाल्यांनी उगाच मनाला लावून घेऊ नये.) तिथून नव्ह-शापेल सहा-सात किलोमीटर. पुण्याची मुलगी, कॉलेजला जाईपर्यंत सायकलवर वाढलेली. म्हटलं, होऊन जाऊ दे!

आणि इथेच काकांच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर मिळालं. ही जमीन सपाट आहे. नुसती सपाट नाही, पोळपाटासारखी सपाट! समुद्रसपाटीपासून उंची जेमतेम वीसेक मीटर. वीस मिनिटं पायडल मारूनही मांडीला कळलं नाही की आपण काही करतोय. दोन्ही बाजूंना गहू, बटाटा आणि साखरेचं बीट. मधून मधून लाल विटांची घरं, उतरती छपरं. आणि रस्त्याच्या कडेला चर. शेताच्या कडेला चर, घराच्या मागे चर, सगळ्या चरांत पाणी. पाऊस पडून तीन दिवस झाले होते, तरी शेताच्या खोलगट भागात आभाळ दिसत होतं.

वाटेत एका चौकात गोल दगडी भिंत आणि एक उंच खांब लागला. हेच ते भारतीय स्मारक. पण काकांनी आधी जमीन बघायला सांगितली होती. म्हणून तिथे न थांबता तशीच पुढे गेले.

गाव म्हणजे गावच

नव्ह-शापेल हे फ्रेंच भाषेत 'कोम्यून' आहे. आपली ग्रामपंचायत म्हणा ना. फ्रान्समध्ये अशा सुमारे ३५ हजार कोम्यून आहेत. पॅरिसही कोम्यून आणि हजार-दीड हजार वस्तीचं हे गावही कोम्यूनच. प्रत्येकीला निवडून आलेलं मंडळ, एक महापौर, आणि एक 'मेरी', म्हणजे कचेरी. गावातल्या कुणालाही कायदेशीर लग्न करायचं तर आधी मेरीत जायचं. तिथे तिरंगी पट्टा लावलेला महापौर किंवा त्याचा सहकारी लग्न लावतो. चर्चमधलं लग्न नंतर, आणि तेही हवं असेल तरच.

गाव पा-द-काले जिल्ह्यात, बेत्यून शहराच्या बाजूला येतं. हा जिल्हा बराचसा जुन्या आर्त्वा प्रांताचा. त्या प्रांताचा मोठा भाग १६५९ च्या तहानं स्पेनकडून फ्रान्सकडे आला. म्हणजे शिवाजी महाराजांनी प्रतापगडाखाली अफझलखानाला गाठलं, त्याच वर्षी. सरहद्दीवरचा मुलूख असल्यामुळे फौजा येणं-जाणं इथल्या मातीला नवं नव्हतं. पण १९१४ मध्ये जे आलं, त्याची कल्पना कुणीच केली नसेल.

मी गावात शिरले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फ्रेंच माणूस या वेळी जेवतो, हे ऑफिसमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकले होते. चर्च, मेरी, दोन्ही महायुद्धांतल्या गावकऱ्यांची नावं कोरलेला दगड, कुंपणाच्या आत फुललेले गुलाब. छान, नीटनेटकं गाव. पण थोडा वेळ हिंडल्यावर काहीतरी खटकायला लागलं. इतक्या जुन्या गावात जुनं काहीच का नाही? कुठे कललेली भिंत नाही, की शेवाळलेली कमान नाही.

उत्तर सोपं आहे. हे सगळं १९१८ नंतरचं आहे. त्याआधीचं नव्ह-शापेल पहिल्या महायुद्धात मुळासकट गेलं.

अठ्ठावीस ऑक्टोबर

गोष्ट अशी. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि काही आठवड्यांत ब्रिटिशांना माणसं कमी पडायला लागली. तेव्हा लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन भारतातून बोटीनं मार्सेयला उतरवण्यात आल्या. सप्टेंबरच्या अखेरीपासून माणसं उतरत होती. अंगावर बहुतेकांच्या उन्हाळ्यातले कपडे. शिपायाचा पगार महिना ११ रुपये.

लाहोर डिव्हिजनबरोबर खडकीच्या ३ सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. याच पलटणीला आज आपण बॉम्बे सॅपर्स म्हणतो. तिच्यात मराठे होते, शीख होते, मुसलमान होते. सॅपर म्हणजे फौजेतला इंजिनीअर. पूल बांधायचा, रस्ता करायचा, खंदक खणायचा, सुरुंग लावायचा. समोरासमोर चाल करून जाणं हे त्याचं रोजचं काम नव्हे.

ऑक्टोबरच्या शेवटी जर्मनांनी नव्ह-शापेल घेतलं. ते परत घेण्यासाठी २८ ऑक्टोबरला ज्यांना पुढे पाठवलं, त्यांत ४७ शीख ही पलटण होती आणि या दोन सॅपर कंपन्या होत्या. पायदळ पुरत नव्हतं, म्हणून इंजिनीअरांना संगिनी देऊन उघड्या शेतातून धावायला सांगितलं! आपल्या भाषेत सांगायचं तर टीमला माणूस कमी म्हणून दुसऱ्याच डिपार्टमेंटच्या माणसाला डेडलाइनवर बसवलं. फक्त इथे डेडलाइनमधला डेड खरा होता.

आणि तरी ते पोहोचले. गावात शिरले, घराघरातून हातघाईची लढाई झाली. मागून कुमक आली नाही. जर्मनांनी उलट हल्ले चढवले आणि जे उरले होते त्यांना त्याच उघड्या शेतातून परत यावं लागलं. ४७ शीखचे २८९ जण गेले होते, धडपणे परत आले ६८. सॅपर्सचे जवळजवळ सगळे गोरे अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. गाव जर्मनांच्याच हाती राहिलं.

पर्वतीएवढीही नाही अशी टेकडी

गावाच्या पूर्वेला एक पायवाटेसारखा रस्ता शेतातून जातो. त्यानं सायकल दामटली. वाटेत एक ओढा लागला. नाव ले. ओढा म्हणण्याइतकाही नाही, मोठा चरच. रुंदी तीनेक मीटर. पलीकडे झाडी आहे, तिचं नाव ब्वा द्यू बिए. आणि त्याही पलीकडे ओबेरची टेकडी.

टेकडी मला दिसलीच नाही. मोबाइलवर नकाशा उघडून पाहिलं, तर मी तिच्याकडेच तोंड करून उभी होते! आसपासच्या जमिनीपेक्षा ती बारा-पंधरा मीटरच उंच. आपल्याकडे सिंहगड चढून रविवार साजरा करणाऱ्या माणसाला याला टेकडी म्हणताना हसू येईल. पर्वती हिच्यापेक्षा कितीतरी पट उंच. पण सपाट मुलखात बारा मीटर म्हणजे बाल्कनीची सीट. वर बसलेल्याला खालचं सगळं दिसतं, खालच्याला वरचं काहीच नाही. शिवाय वरची जमीन कोरडी आणि खालची ओली.

ही टेकडी मिळाली तर पुढे लीलपर्यंत नजर पोहोचेल, हा ब्रिटिशांचा हिशेब. म्हणून १० मार्च १९१५ ला नव्ह-शापेलवर पहिला मोठा, नीट आखलेला ब्रिटिश हल्ला झाला. सुमारे ४० हजार माणसं, त्यांतली निम्मी भारतीय. विमानांतून फोटो काढून जर्मन खंदकांचे नकाशे बनवले होते. त्या काळचं गूगल मॅपच की! सकाळी साडेसातला तोफा सुरू झाल्या, ३५ मिनिटं चालल्या, आणि आठ वाजून पाच मिनिटांनी पायदळ निघालं. सकाळ सरायच्या आत गाव हाती आलं. प्लॅन सुपरहिट!

मग सगळं बिघडलं. टेलिफोनच्या तारा तोफांनी तुटल्या होत्या. पुढच्या तुकड्या हुकमाची वाट बघत थांबल्या, मागच्यांना पुढे काय झालंय ते कळेना. निरोप घेऊन माणसं पळत होती आणि निरोप पोहोचेपर्यंत तो शिळा होत होता. संध्याकाळी डेहराडून ब्रिगेडचे गुरखे हा ओढा ओलांडून झाडीपर्यंत पोहोचलेही. पण बाजूचे मागे राहिले होते, म्हणून रात्री त्यांना ओढ्याच्या अलीकडे परत यावं लागलं. तोवर जर्मनांची कुमक आली. १३ मार्चला लढाई थांबली तेव्हा हिशेब असा होता: साधारण दोन किलोमीटर रुंदीचा पट्टा, एक किलोमीटरभर पुढे. त्यासाठी ब्रिटिशांच्या बाजूचे सुमारे ११,६०० मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता. त्यांतले ४,२०० च्या आसपास भारतीय. आणि टेकडी? ती मिळाली नाही.

गढवाल रायफल्सचा तरुण शिपाई गबरसिंग नेगी याच सकाळी खंदकात पहिला शिरून लढता लढता कामी आला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मी ओढ्याच्या कडेला सँडविच खात बसले होते. तेवढ्यात एक म्हातारेबुवा ट्रॅक्टर थांबवून खाली उतरले. माझ्याकडे बघून म्हणाले, "आंद?" म्हणजे इंडिया? मी मान हलवली. त्यांचं इंग्रजी आणि माझं फ्रेंच सारखंच दिव्य होतं. पण हातवारे जोडीला होते. त्यांनी सांगितलं की नांगराला अजून लोखंड लागतं. गोळे, तारा, कधी बकल. गोळा निघाला की हात लावायचा नाही, कळवायचं, मग सरकारची माणसं येऊन नेतात. मी काकांचा प्रश्न त्यांना विचारला. जमीन कशी आहे? त्यांनी बुटाच्या टाचेनं चराच्या काठावरचं ढेकूळ फोडलं आणि माझ्या हातात दिलं. राखाडी-पिवळसर, साबणासारखं गुळगुळीत. चिकणमाती. मग त्यांनी तळहात गुडघ्याच्या थोडा वर धरला. "लो," ते म्हणाले. पाणी. एवढं खणलं की पाणी.

पुन्हा एकदा नवं

गावाचं दुर्दैव इतक्यावर संपलं नाही. भारतीय पायदळ १९१५ च्या अखेरीस मेसोपोटेमियाकडे गेलं, पण आघाडी गावाच्या उशालाच राहिली. १९१७ मध्ये या भागात पोर्तुगीज फौज आली. हो, तेव्हा आपल्या गोव्यावर ज्यांचं राज्य होतं तेच. ९ एप्रिल १९१८ ला जर्मनांनी इथेच मोठा घाव घातला आणि काही तासांत पोर्तुगीज डिव्हिजन कोलमडली. मेलेले, जखमी आणि कैद झालेले मिळून सुमारे सात हजार. गाव दगड-विटांचा ढीग झालं होतं. त्या ढिगात एक क्रूस उभा होता. त्यावरच्या येशूचे पाय तुटले होते, एक हात गेला होता. हा 'खंदकांचा ख्रिस्त' १९५८ मध्ये फ्रान्सनं पोर्तुगालला दिला. आज तो बाताल्याच्या मठात, अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी आहे.

म्हणजे बघा, नव्ह-शापेलच्या देवालाही गाव सोडावं लागलं. गावकरी मात्र परत आले. १९२० च्या दशकात त्यांनी खड्डे बुजवले, चर पुन्हा खणले, लाल विटांची घरं बांधली, चर्च उभारलं. गावाचं नाव शेकडो वर्षं 'नवं' होतं. त्या वर्षांत ते खरंच नवं झालं.

ही गोष्ट मला फार लागली. इंग्रज, भारतीय, पोर्तुगीज, जर्मन, सगळ्यांच्या इतिहासात नव्ह-शापेल एका लढाईचं नाव आहे. पलटणींच्या झेंड्यांवर ते लिहिलेलं असतं. पण ट्रॅक्टरवरच्या बुवांसाठी ते बटाट्याचं शेत आहे. त्यात पाणी तुंबतं आणि कधी कधी बॉम्ब निघतो. लढाई चार दिवसांची होती. जमीन नीट करायला पिढ्या लागल्या.

चौकातला खांब

परतीच्या वाटेवर स्मारकापाशी थांबले. ब्रिटिश सैनिक या चौकाला 'पोर्ट आर्थर' म्हणायचे. गंमत अशी की नाव नव्ह-शापेलचं असलं तरी जागा शेजारच्या रिशबूर कोम्यूनच्या हद्दीत येते. पोर्तुगीजांची दफनभूमीही जवळच आहे. तिथे १,८३१ थडगी आहेत.

स्मारकाचा आर्किटेक्ट हर्बर्ट बेकर. दिल्लीच्या जुन्या संसद भवनाच्या रचनेत ज्याचा मोठा हात, तोच. संसद भवनाचं उद्घाटन जानेवारी १९२७ मध्ये झालं आणि या स्मारकाचं त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला. मार्शल फॉश आले होते, रुडयार्ड किपलिंग आला होता. गोल आवार, अर्ध्या भागात भरीव भिंत, अर्ध्या भागात दगडी जाळी. कोपऱ्यांत छत्र्या, आपल्या राजवाड्यांवर असतात तशा. मधोमध अशोकस्तंभाची आठवण करून देणारा सुमारे १५ मीटरचा खांब, वर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. खांबावर इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीबरोबर देवनागरी अक्षरं. तीन महिने रोमन लिपीत जगल्यावर फ्रान्समधल्या शेतात दगडावरची देवनागरी दिसली, आणि घशात काहीतरी अडकलंच.

भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं आहेत. ज्यांचं थडगं सापडलं नाही, अशांची. पलटणीप्रमाणे मांडलेली. गबरसिंग नेगींचं नाव इथेच आहे. मी सॅपर्स अँड मायनर्सची पाटी शोधली. इंग्रजी स्पेलिंगमध्ये चेपून बसवलेली आपली नावं. सिंग, खान, आणि मधेच सातारा-कोल्हापूरकडचं वाटावं असं एखादं. गाव नाही, वय नाही. मी ती मोठ्यानं वाचली. आवारात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे लाज वाटली नाही.

वाचता वाचता मनात एकच प्रश्न घोळत होता. हे युद्ध यांचं होतं का? टिळक आणि गांधीजी दोघांनीही त्या काळात ब्रिटिशांना मदत करायची भूमिका घेतली होती. बदल्यात स्वराज्याकडे एखादं पाऊल पडेल, ही आशा. युद्धात भारतातून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली, सत्तर हजारांहून जास्त परत आली नाहीत. आणि १९१९ मध्ये हाती आला रौलेट कायदा आणि पाठोपाठ जालियनवाला बाग. स्वतंत्र भारतातही मग या माणसांचं काय करायचं ते आपल्याला बराच काळ कळलं नाही. ना ते आपल्या स्वातंत्र्यलढ्यात बसत, ना साहेबाच्या विजयात. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी इथे आले आणि २०२३ मध्ये युनेस्कोनं पहिल्या महायुद्धाच्या स्मृतिस्थळांबरोबर या जागेलाही जागतिक वारशात घेतलं. उशिरा का होईना, नाव निघालं.

काकांचा हिशेब

तिथल्या पायरीवर बसूनच काकांना व्हिडिओ कॉल लावला. तिथे दुपारचे तीन, पुण्यात साडेसहा. काका चहा घेत होते. मी कॅमेरा फिरवून खांब दाखवला, वाघ दाखवले, सॅपर्सची पाटी दाखवली. त्यांनी कप खाली ठेवला आणि काही न बोलता उजवा हात कपाळाशी नेला. मग म्हणाले,

"जमीन कशी आहे?"

"चिकणमाती. पार साबणासारखी. आणि दीड-दोन फुटांवर पाणी."

काका थोडा वेळ गप्प झाले. सॅपरचं डोकं चालू झालं होतं.

"मग खंदक कसा काढला असंल?"

"खोल नाहीच काढता आला. वाळूची पोती रचून जमिनीच्या वर भिंती उभ्या केल्या होत्या."

"म्हणजे आडोसा तेवढाच. अन् चाल केली की उघडं रान." ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. "पीक काय घेत्यात?"

"गहू, बटाटा, बीट. पाण्याला तोटा नाही."

"नसणारच." काका हसले, पण नेहमीसारखं नाही. "आमच्या माणदेशात पाणी न्हाई, म्हणून माणसं फौजेत गेली. आणि मेली कुठं, तर पाण्यात."

यावर मला काहीच बोलता येईना. मग मी त्यांना ट्रॅक्टरवाल्या बुवांचं सांगितलं. नांगराला लोखंड लागतं ते, आणि त्यांनी हातात दिलेलं ढेकूळ. ते ढेकूळ माझ्या जॅकेटच्या खिशात तसंच होतं. मी ते कॅमेऱ्यासमोर धरलं. काकांनी चष्मा लावून नीट बघितलं.

"ठेव तिथंच," ते म्हणाले. "त्याच्या रानातली हाय ती."

मी उठले, सायकल वळवली आणि ओढ्यापर्यंत परत गेले. बुवा अजून शेतातच होते. लांबूनच त्यांनी हात केला. मी ढेकूळ चराच्या काठावर ठेवलं. परत निघाले तेव्हा काकांचा मेसेज आला होता.

"त्या बाबाला आमचा रामराम सांगायचा राहिला."

कसं जाल?

पॅरिस (गार द्यू नॉर) ते लील: हायस्पीड ट्रेननं सुमारे एक तास. लीलहून बेत्यूनकडे जाणाऱ्या लोकलनं ला बासेला उतरा. तिथून सहा-सात किलोमीटर, सायकल किंवा टॅक्सी. कार असेल तर लीलपासून पंचवीस किलोमीटर.

काय बघाल? आधी गाव आणि ओढा, मग स्मारक आणि पोर्तुगीज दफनभूमी. स्मारकाला तिकीट नाही.

जोडून काय? आब्लां-सें-नाझेरजवळ नोत्र-दाम-द-लोरेतला २०१४ मध्ये उघडलेलं 'स्मृतिवलय'. या भागात पडलेल्या सुमारे ५ लाख ८० हजार सैनिकांची नावं देश आणि हुद्दा न सांगता अकारविल्हे कोरली आहेत. जर्मन, फ्रेंच, भारतीय एकाच ओळीत. लांस गावात २०१२ पासून लूव्र संग्रहालयाची शाखाही आहे.

टिप: खाणंपिणं लीलहूनच बांधून न्या. रविवारी गावाकडची दुकानं बंद मिळतील. शेतात शिरू नका, आणि जमिनीवर गंजलेलं काही दिसलं तर अजिबात उचलू नका. चिखलात चालतील असे बूट घाला. जमीन कशी आहे, ते आता तुम्हाला माहीत आहेच!